कार्यालयीन संगणकातील दप्तर : जागा बदलण्याची गरज आणि रीत

(ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक आणि पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन मी माहिती खात्यात आलो आणि गावोगाव फिरून बातम्या, छायाचित्रे व मुलाखती गोळा करण्यात माझी नोकरी गेली. संगणक माझ्या टेबलावर आला तो टंकलेखन यंत्राच्या जागी, आणि बरीच वर्षे मी त्याला टंकलेखन यंत्रच समजत होतो. या गैरसमजाची जी किंमत मला मोजावी लागली ती आपणांपैकी कोणाला मोजावी लागू नये, एवढ्याच हेतूने मी आज आपल्यापुढे उभा आहे.

२०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत मी आमच्या भागातील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. विषय होता १९७२ चा दुष्काळ. त्या साली रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर ज्यांनी खडी फोडली, डोक्यावरून माती वाहिली, मुलांच्या हातात सुकडी ठेवून दिवस काढले, अशी ही माणसे. रोजगार हमीचा जो कायदा पुढे १९७७ साली झाला, त्याच्यामागे अशाच लाखो हातांचे कष्ट उभे होते. अशा वीसबावीस मुलाखती संगणकात होत्या. लिहून काढण्यासाठी हाताशी असाव्यात म्हणून मी त्या पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर, एका फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या.

एके दिवशी संगणक सुरूच होईना. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी यंत्र तपासले आणि विंडोज नव्याने घालावी लागेल असे सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, सी मध्ये काही ठेवायचं आहे का?" मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, "काही नाही. आम्ही सी ला कधी हातच लावत नाही. आमचं सगळं डी मध्ये असतं." संध्याकाळी संगणक नव्यासारखा चालू लागला. डी मधील पत्रव्यवहार जसाच्या तसा होता. डेस्कटॉप मात्र धुतलेल्या पाटीसारखा कोरा होता.

डेस्कटॉप हा सी चाच एक भाग असतो, हे मला त्या संध्याकाळी कळले. दुरुस्ती करणाऱ्यांनी प्रश्न योग्य विचारला होता. उत्तर माझे चुकले होते. पुढे सहा महिन्यांनी त्या वृद्धांपैकी एका आजींचा नातू कार्यालयात आला. आजी गेल्या होत्या, आणि घरच्यांना त्यांचा आवाज एकदा ऐकायचा होता. त्याला मी काय सांगितले ते येथे सांगत नाही.

कागद कोठे राहतात?

संगणकातील हार्ड डिस्क म्हणजे एक घर आहे असे समजा. घरात मधे भिंत घालून दोन खोल्या करतात, त्याप्रमाणे एकाच डिस्कचे दोन किंवा अधिक भाग करता येतात. या भागांना पार्टिशन म्हणतात, आणि विंडोज त्यांना सी, डी, ई अशी अक्षरे देते. सी मध्ये स्वतः विंडोज राहते. संगणक बिघडला, विषाणू शिरला किंवा नवी आवृत्ती मुळापासून घालायची झाली, की पुष्कळदा ही खोली पूर्ण रिकामी करून पुन्हा बांधली जाते. यालाच आपण 'फॉरमॅट मारणे' म्हणतो. शेजारच्या डी ला त्या वेळी हात लावण्याचे कारण नसते.

आता प्रश्न असा की आपले कागद कोणत्या खोलीत असतात? संगणकावर आपण ज्या नावाने प्रवेश करतो, त्या प्रत्येक नावासाठी विंडोज एक स्वतंत्र फोल्डर तयार करते. त्याला प्रोफाइल म्हणतात. जुन्या एक्सपी मध्ये ही प्रोफाइले 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या नावाखाली असत. २००७ साली व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली तेव्हापासून ती 'यूजर्स' या फोल्डरमध्ये असतात. त्यांत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज असे ओळखीचे कप्पे असतात. हे सारे मुळात सी मध्येच असते. आपण पत्र टंकलिखित करून 'सेव्ह' म्हणतो तेव्हा ते बहुधा डॉक्युमेंट्समध्ये जाते. मेलमधून आलेले परिपत्रक डाउनलोड्समध्ये जाते. घाईत असलेला लिपिक लाभार्थ्यांची यादी डेस्कटॉपवर टाकतो. आपण सी ला हात लावत नाही, असे आपल्याला वाटते खरे. वस्तुतः दिवसभर आपण सी मध्येच वावरत असतो.

सारांश, ज्या खोलीची मोडतोड सर्वाधिक संभवते, त्याच खोलीत आपले दप्तर उघड्यावर पडलेले असते. याखेरीज दुसरीही एक अडचण आहे. छायाचित्रे, चित्रफिती आणि स्कॅन केलेले कागद साठून सी भरत जाते, विंडोजची अद्ययावत आवृत्ती घेण्यास जागा उरत नाही आणि संगणक मंद होतो. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवणूक लागते, आणि प्रत्यक्ष वापरात याहून बरीच अधिक जागा मोकळी असावी लागते.

हा विषय आज निकडीचा आहे याचेही कारण आहे. विंडोज १० साठी मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी संगणक बदलले जात आहेत किंवा त्यांवर नवी विंडोज घातली जात आहे. 'सी मध्ये काही ठेवायचं आहे का?' हा प्रश्न आपणांपैकी अनेकांना विचारला जाणार आहे.

स्थलांतराची रीत

यावरचा उपाय सोपा आहे. प्रोफाइलमधील हे कप्पे नाव तेच ठेवून डी मध्ये हलवता येतात. त्यासाठी कोणतीही नवी सामग्री विकत घ्यावी लागत नाही. एकदा हे केले की लिपिक नेहमीप्रमाणे डॉक्युमेंट्समध्येच पत्र ठेवतो, सवय बदलावी लागत नाही, आणि पत्र मात्र डी मध्ये जाऊन बसते.

प्रथम सर्व महत्त्वाच्या कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ही पायरी कोणीही गाळू नये. त्यानंतर उघडलेल्या सर्व फाइली बंद कराव्यात.

मग डी मध्ये 'दप्तर' किंवा आपल्याला सोयीचे असे एक फोल्डर करावे. त्यात वापरकर्त्याच्या किंवा पदाच्या नावाचे फोल्डर, आणि त्याच्या पोटात डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स अशी स्वतंत्र फोल्डरे करावीत.

यानंतर सी मधील 'यूजर्स' उघडून आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये जावे. तेथील डॉक्युमेंट्सवर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' निवडावे. उघडलेल्या चौकटीत 'लोकेशन' असा भाग दिसेल. तेथे 'मूव्ह' हे बटण दाबून डी मधील नवे डॉक्युमेंट्स फोल्डर दाखवावे आणि 'अप्लाय' म्हणावे. जुन्या जागेतील सर्व फाइली नव्या जागी न्यावयाच्या काय, असे संगणक विचारतो. 'येस' असे उत्तर द्यावे. फाइली पुष्कळ असतील तर वेळ लागतो, तेवढा धीर धरावा. मध्येच वीज जाण्याचा संभव असेल तर हे काम त्या दिवशी करू नये. एका कप्प्याचे काम पुरे झाल्यावर दुसरा घ्यावा.

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे आत फोल्डर न करता थेट डी हाच डॉक्युमेंट्सचा पत्ता म्हणून देणे. असे केल्यास संपूर्ण डी च डॉक्युमेंट्स होऊन बसते आणि ते निस्तरताना डोके फिरते. दुसरी चूक म्हणजे दोन कप्प्यांना एकच पत्ता देणे. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स एकाच जागी दाखवले तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि वेगळे करणे कठीण होते. म्हणूनच प्रत्येकासाठी स्वतंत्र फोल्डर आधी करून ठेवावे.

हे काम प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रवेशनावासाठी वेगळे करावे लागते. मुख्याध्यापकांचे कप्पे हलवले म्हणून लिपिकांचे आपोआप हलत नाहीत.

काही संगणकांवर वनड्राइव्ह ही सेवा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या ताब्यात घेऊन त्यांची प्रत इंटरनेटवर ठेवत असते. असे असेल तर त्या सेवेतील 'बॅकअप' आधी बंद करावा, सर्व फाइली प्रत्यक्ष संगणकावर उतरल्या आहेत याची खात्री करावी, आणि मगच स्थलांतर करावे.

डी नसेलच तर? अनेक नव्या लॅपटॉपमध्ये केवळ सी असते. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये सी लहान करून उरलेल्या जागेत नवे पार्टिशन करता येते. तथापि डिस्क मुळातच लहान असेल तर भिंत घालून दोन्ही खोल्या अडचणीच्या करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा बाहेरच्या डिस्कवर नियमित प्रत घेणे हेच श्रेयस्कर.

काय हलवू नये?

उत्साही मंडळींसाठी एक सूचना आहे. प्रोफाइलमध्ये 'ॲपडेटा' नावाचा एक लपवलेला कप्पा असतो. निरनिराळ्या प्रोग्रॅमचा संसार त्यात असतो. तो हलवू नये. संपूर्ण 'यूजर्स' फोल्डर उचलून डी मध्ये नेण्याच्या युक्त्याही काही जण सांगतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने त्याविरुद्ध सावध केले आहे, कारण असे केल्यास पुढील आवृत्तीकडे जाण्याचा मार्ग अडू शकतो. आपले कागद ज्या कप्प्यांत आहेत तेवढेच हलवावेत. यंत्राचे सामान यंत्रापाशी राहू द्यावे.

याचा अर्थ असाही होतो की ॲपडेटामध्ये राहणाऱ्या गोष्टी सी बरोबर जातात. ब्राउझरमध्ये जतन केलेली पाने व परवलीचे शब्द त्यांत येतात. यांची नोंद किंवा प्रत वेगळी घ्यावी लागते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. शिवाजी, किरण, सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले ठराव आणि इतिवृत्ते आजही कार्यालयांत आहेत. कागद डी मध्ये सुखरूप राहिला, पण फॉन्ट सी मध्ये होता आणि तो पुसला गेला, तर ग्रामसभेचा ठराव उघडल्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा निरर्थक गोंधळ दिसतो. म्हणून जे जुने फॉन्ट वापरले असतील त्यांच्या फाइलीही दप्तरातच एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. पुढील सर्व काम मात्र युनिकोडमध्येच करावे. युनिकोड मजकूर वाचण्यासाठी विशिष्ट फॉन्टवर अवलंबून राहावे लागत नाही.

किल्ली कोणाकडे?

सी मधील प्रोफाइलला एक कुलूप असते. एका सामान्य वापरकर्त्याला दुसऱ्याचे कागद उघडता येत नाहीत. डी मध्ये केलेल्या नव्या फोल्डरला असे कुलूप आपोआप लागत नाही. त्या संगणकावर ज्यांना प्रवेशनाव आहे अशा कोणालाही सर्वसाधारणपणे ते वाचता येते, बदलताही येते. शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती, लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक, एखादी गोपनीय तक्रार अशा गोष्टी उघड्यावर राहू नयेत. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी' या भागात कोणाला परवानगी असावी ते ठरवता येते. हे काम माहितगार माणसाकडून करून घ्यावे, पण करून घ्यावेच.

उलट प्रकारची अडचणही संभवते. नव्या संगणकांत डिस्क सांकेतिक स्वरूपात बंद ठेवण्याची सोय असते, तिला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. ती चालू असेल तर विंडोज नव्याने घातल्यावर डी उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती नसेल तर कागद डोळ्यांसमोर असून हाती लागत नाहीत. ही किल्ली कागदावर लिहून कार्यालयाच्या कपाटात, कुलपात ठेवावी. तिची नोंद संगणकातच करून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवणे होय.

नवी विंडोज घातल्यानंतर तिला जुने पत्ते ठाऊक नसतात. तेव्हा पुन्हा एकदा 'लोकेशन'मध्ये जाऊन प्रत्येक कप्प्याला डी मधील त्याचे जुने फोल्डर दाखवावे. परवानगीचा प्रश्न आला तर व्यवस्थापकाच्या अधिकाराने तो सोडवावा. कागद जागच्या जागी मिळतात.

भिंत आणि घर

आता या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. सी आणि डी या एकाच घरातील दोन खोल्या असतील, तर घराला आग लागल्यावर दोन्ही जळतात. डिस्क निकामी झाली की दोन्ही एकदम जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूरला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला महापूर आला. पाण्यात बुडालेल्या संगणकात सी भिजते आणि डी कोरडी राहते, असे होत नाही. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. असे प्रोग्रॅम कोणत्या खोलीत कागद आहेत याचा भेदभाव करीत नाहीत.

म्हणून कागद डी मध्ये हलवणे हे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे प्रत. जाणकारांचा साधा नियम आहे : महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. ग्रामपंचायतीला हे अशक्य नाही. एक बाहेरची डिस्क घ्यावी, आठवड्यातील एक वार ठरवावा, त्या दिवशी 'दप्तर' फोल्डरची प्रत घ्यावी आणि डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. महिन्यातून एकदा दुसरी प्रत घेऊन ती कार्यालयाच्या नियमांप्रमाणे अन्य इमारतीत ठेवावी. सर्व कागद एका फोल्डरखाली आणल्याचा खरा लाभ येथे दिसतो. काय काय नकलून घ्यायचे, हे शोधत बसावे लागत नाही.

डी ही वेगळी डिस्क आहे की त्याच डिस्कचा भाग आहे, हे 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पाहता येते. दोन्ही 'डिस्क ०' या एकाच ओळीत असतील तर घर एकच आहे असे समजावे.

दप्तर माणसाचे नव्हे, पदाचे

आपल्याकडे दप्तर सांभाळण्याची परंपरा मोठी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून जपले गेले, म्हणूनच शेदोनशे वर्षांपूर्वीच्या गावांचे हिशेब आज आपल्याला वाचायला मिळतात. रुमाल बांधणाऱ्या कारकुनांना पुढे हे कागद कोण वाचणार, याची कल्पना नसेल. त्यांनी आपले काम नेमाने केले.

आज मात्र एखाद्या अधिकाऱ्याची बदली होते आणि त्यांच्या नावाच्या प्रोफाइलमध्ये चार वर्षांचा पत्रव्यवहार अडकून राहतो. कोणीतरी ते जुने नाव संगणकातून काढते. 'खाते व माहिती काढून टाकू काय?' या प्रश्नाला 'होय' म्हटले जाते, आणि त्या प्रोफाइलमधील सी वरचे कागद कायमचे जातात. कार्यभार देताना आपण टेबल, खुर्ची आणि शिक्के यांची यादी करतो. त्या यादीत संगणकातील दप्तर कोणत्या फोल्डरमध्ये आहे, प्रती कोठे आहेत आणि किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, या तीन ओळी अवश्य असाव्यात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ ने अभिलेख सूचिबद्ध करून नीट ठेवण्याचे कर्तव्य प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर सोपवले आहे. 'फॉरमॅटमध्ये गेले' हे उत्तर नागरिकाच्या अर्जावर देण्याची वेळ आपणांवर येऊ नये.

पंचायत सदस्यांना मी विशेष विनंती करीन. आपण स्वतः संगणक चालवत नसाल, तरी मासिक सभेत दोन प्रश्न विचारू शकता. आपले दप्तर सी मध्ये आहे की डी मध्ये? आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेला घेतली? ज्या कार्यालयात हे प्रश्न दर महिन्याला विचारले जातील, तेथील कागद फारसे हरवणार नाहीत.

त्या मुलाखतींपैकी काही मी पुन्हा घेतल्या. ज्या वृद्धांची प्रकृती ठीक होती त्यांनी दुसऱ्यांदा तेवढ्याच आपुलकीने सारे सांगितले. जी माणसे मधल्या काळात गेली, त्यांचे आवाज राहिले नाहीत. नव्या मुलाखती आता डी मध्ये आहेत, एक प्रत कपाटात आहे आणि एक दुसऱ्या गावी आहे. आज आपण आपापल्या कार्यालयात परत जाल तेव्हा डेस्कटॉपवर काय काय पडले आहे ते एकदा डोळसपणे पाहावे आणि पुढील आठवड्यातील एक दुपार या कामासाठी राखून ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.